मधेच उठून जाता यावं म्हणून

कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा संगीताशी काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. एका उद्यानातल्या मैफलीत तो पहिल्यांदा दिसला. व्हायोलिन वाजवणाऱ्या बाई स्टँडवर स्वरलिपीची पानं लावत होत्या आणि प्रत्येक पानाला दोन-दोन चिमटे अडकवत होत्या. वारा सुटला होता. वाजवता वाजवता पान उलटायची वेळ आली की चिमटा काढायचा, दातात धरायचा, पान पलीकडे टाकायचं, चिमटा परत लावायचा. तेवढा वेळ शेजारचा वादक एकटाच सूर लांबवत किल्ला लढवायचा. बंद सभागृहात ही कसरत कोणाला करावी लागत नाही.

समोर गवतावर लोक बसले होते, त्यातून चार-पाच वर्षांचा एक मुलगा उठला आणि थेट चेलो या मोठ्या तंतुवाद्यापुढे, हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला. खर्जातला सूर आला की स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघायचा. आत काहीतरी थरथरतंय हे त्याला कळलं होतं. मागून वडिलांनी दोन हाका मारल्या, त्या त्याच्या कानावर गेल्या नाहीत. मग दहाएक मिनिटांनी, संगीत ऐन रंगात असताना, त्याला घसरगुंडी आठवली आणि तो निघून गेला. कोणी मान वळवून पाहिलं नाही, वादकांनाही त्याचं काही वाटलं नाही.

उद्यानातल्या फुकट मैफलींवर वाद होतो तेव्हा बोलणं दोन ठरलेल्या टोकांना जातं. एकीकडे संस्कृती, समाज, एकोपा असे मोठाले शब्द. दुसरीकडे ‘फुकटाला किंमत नसते’ हे ठेवणीतलं वाक्य. मला त्या मुलाचं निघून जाणं जास्त महत्त्वाचं वाटतं. तिकीट काढून आलेला माणूस सहसा मधे उठत नाही. कार्यक्रम आवडला नाही तरी पैसे वसूल करायला शेवटपर्यंत बसतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आवडेल की नाही याची खात्री नसलेल्या कार्यक्रमाचं तिकीट तो मुळात काढतच नाही. माहितीचं नाव, माहितीची गाणी, तिथेच खिसा सैल होतो. प्रवेश फुकट असला की ही भीती जाते. फिरायला निघालेला माणूस पाच मिनिटं थांबतो, नाही जमलं तर पुढे जातो, आणि जमलं तर ज्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं ते संगीत तासभर ऐकून घरी जातो. फुकट असण्याची खरी किंमत इथे आहे. वाचलेल्या पैशांपेक्षा ही मधेच उठून जाण्याची मुभा मोलाची आहे, आणि ती दुसऱ्या कुठल्याही व्यवस्थेत मिळत नाही.

म्हणून नावनोंदणी, आगाऊ पास, मोबाइलवर दाखवायचा कोड या गोष्टी उद्यानातल्या मैफलीला मारक आहेत असं माझं मत आहे. पैसे घेतले नाहीत तरी दार आलंच. मैफल आहे हे ज्याला आधीपासून माहीत होतं त्यालाच ती मिळणार. आणि असं आधीपासून माहीत असणारे लोक बहुधा तेच असतात, जे एरवी तिकीटही काढतात.

सगळ्यांना संगीत ही कल्पना कोणी सहजासहजी मान्य केलेली नाही. लंडनच्या उद्यानांत १८५५-५६ मध्ये सर बेंजामिन हॉल या अधिकारपदावरच्या माणसाने रविवारी दुपारी लष्करी बँड वाजवायला सुरुवात केली. (लंडनच्या ‘बिग बेन’ घंटेला ज्याचं नाव पडलं असं सांगतात, तोच हा बेन.) लोकांनी अलोट गर्दी केली. कारण सरळ होतं. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्याला रविवारखेरीज मोकळा दिवसच नव्हता. धर्माचे रखवालदार मात्र खवळले, की देवाच्या दिवशी करमणूक कसली. कँटरबरीच्या आर्चबिशपने पंतप्रधान पामर्स्टनकडे हरकत नोंदवली आणि १८५६ च्या मे महिन्यात सरकारने ते बँड बंद केले. संगीताला कोणाची ना नव्हती. आठवड्यातल्या कुठल्याही इतर दिवशी ते चाललं असतं, फक्त त्या इतर दिवशी ऐकणाऱ्याला सवड नव्हती.

ही गोष्ट जुनी झाली, तरी मैफल कोणत्या वारी आणि किती वाजता हा प्रश्न अजून वाटतो तितका साधा नाही. कामाच्या दिवशी दुपारी चारला ठेवलेली मैफल कागदावर सगळ्यांसाठी खुली असते, प्रत्यक्षात तिथे निवृत्त माणसं आणि सुट्टीतली मुलं भेटतात. रात्री उशिरा ठेवली तर लहान मुलं असलेले आणि शेवटच्या गाडीने परतणारे गळतात. वेळ ठरवताना आयोजकांनी स्वतःच्या सोयीआधी हा हिशेब मांडायला हवा.

आता पैशांकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. ऐकणाऱ्याला फुकट असलेलं संगीत तयार करायला फुकट नसतं. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर जो अभ्यास मांडला, त्यातली कळीची गोष्ट साधी आहे. कारखान्यात यंत्रं सुधारली की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो, मजुरी वाढली तरी परवडते. चार जणांनी वाजवायची रचना मात्र दोनशे वर्षांपूर्वी चार जणांनी जेवढ्या वेळात वाजवली, तेवढाच वेळ आणि तेवढीच माणसं आजही घेते. तीन जणांत उरकता येत नाही, दुप्पट वेगाने वाजवून भागत नाही. बाकीच्या धंद्यांतलं वेतन वाढत जातं, वादकालाही त्याच बाजारात घर चालवायचं असतं, म्हणून जिवंत संगीत इतर गोष्टींच्या तुलनेत महागच होत जाणार. यात कोणाची अकार्यक्षमता नाही, त्या कामाची जातच तशी आहे.

मग हा वाढता खर्च कोण उचलतं? अनेक ठिकाणी उत्तर एकच असतं, आणि ते कोणी तोंडाने बोलत नाही: वादक उचलतो. मंडपवाल्याला पैसे मिळतात, ध्वनियंत्रणा लावणाऱ्याला मिळतात, जनरेटरवाल्याला मिळतात, सुरक्षारक्षकाला मिळतात. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं त्याला ‘प्रसिद्धी’ मिळते. त्या चिमटेवाल्या बाईंना मी कार्यक्रमानंतर विचारलं होतं. त्या हसून म्हणाल्या, “जाण्यायेण्याचं देतात.” तालमींचे दिवस, वाद्याची देखभाल, उघड्यावर वाजवताना लाकडाला आणि तारांना बसणारा त्रास यांचा हिशेब कुठेच नाही. ऊन आणि दमट हवा तंतुवाद्याला सोसत नाही. तारा उतरतात, लाकूड फुगतं किंवा आक्रसतं, आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर गरम हवेत चढतो. व्हायोलिन उतरायला बघतं, बासरी चढायला बघते, आणि दोघांना एकत्र वाजवायचं असतं. उघड्यावरची मैफल सभागृहातल्या मैफलीपेक्षा वादकाला अवघड असते, सोपी नव्हे. तरीही ‘बागेतलाच तर कार्यक्रम’ म्हणून मानधन तिथेच कापलं जातं.

याला पर्याय नसतात असं नाही. शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये १९३५ पासून मोफत मैफली होत आल्या आहेत. त्या सुरू करण्यामागे जेम्स पेट्रिलो हा वादकांच्या संघटनेचा पुढारी होता. महामंदीचे दिवस होते. बोलपटांनी चित्रपटगृहांतल्या वादकांचं काम आधीच हिसकावलं होतं. वादकांना काम हवं होतं आणि लोकांना खिशाला न परवडणारी करमणूक हवी होती, दोन्ही गरजा एका मैदानावर आणल्या गेल्या. मुद्दा असा, की त्या मैफली फुकट होत्या त्या वादकांना पैसे मिळावेत म्हणून. आपल्याकडे आता हे वाक्य उलटं वाटतं, इतकी फुकट मैफल म्हणजे फुकट वादक ही सवय अंगवळणी पडली आहे.

याच पेट्रिलोने पुढे १९४२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वादकांचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. तबकड्या आमचं जिवंत काम खातात, तेव्हा तबकडीच्या विक्रीतला वाटा आम्हाला द्या, ही मागणी. मोठ्या कंपन्यांशी हा संघर्ष दोन वर्षांहून जास्त चालला. पुढच्या घडामोडींतून १९४८ मध्ये एक स्वतंत्र विश्वस्त निधी उभा राहिला. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्यात पैसे भरायचे आणि त्यातून मोफत जाहीर मैफलींमध्ये वाजवणाऱ्यांना मानधन द्यायचं. उद्यानं, शाळा, रुग्णालयं अशा ठिकाणी ऐकणाऱ्याने एक पैसा न देता संगीत ऐकलं, आणि वाजवणाऱ्याच्या हातात ठरलेली रक्कम पडली. या पुढाऱ्याच्या हेकटपणाबद्दल खूप लिहिलं गेलंय आणि त्यात तथ्य असेल, पण विक्रीतल्या वाट्याचा त्याचा प्रश्न आज स्क्रीनवरून संगीत विकणाऱ्या कंपन्यांना विचारायला अजून जसाच्या तसा उपयोगी आहे.

यावर कोणी फ्रान्सचं उदाहरण देईल. तिथे १९८२ पासून दरवर्षी २१ जूनला संगीताचा उत्सव होतो. रस्त्यांवर, चौकांत, बागांत लोक वाजवतात, त्यात हौशी मंडळींचा मोठा भरणा असतो, आणि ही कल्पना आता अनेक देशांत पसरली आहे. तिथे मानधनाचा प्रश्न निघत नाही, मग इथे का? कारण त्या दिवसाचा गाभाच हौस आहे. कारकून, शिक्षिका, विद्यार्थी, ज्याला वाजवावंसं वाटतं त्याने बाहेर येऊन वाजवावं. वर्षातून एक दिवस स्वतःच्या आनंदासाठी वाजवणं वेगळं, आणि ज्याचं पोट वाजवण्यावर आहे त्याला दर महिन्याला ‘एवढी सेवा करा’ म्हणणं वेगळं. हौशी लोकांसाठी उद्यानात जागा हवीच, त्यांना नुसतं मैदान आणि दोन खुर्च्या दिल्या तरी पुरतं. पण एकाच्या हौसेचं भांडवल करून दुसऱ्याचं मानधन बुडवू नये.

पैसा सार्वजनिक असावा या माझ्या म्हणण्यावर नेहमीचा आक्षेप येतो: आधी गटारं, रस्ते, पाणी बघा. आक्षेप खोटा नाही. फक्त तो उद्यानाच्या माळ्याच्या पगाराला कोणी लावत नाही, दिव्यांना लावत नाही, गवत कापण्याच्या यंत्राला लावत नाही. झाड, बाक, दिवा यांसाठी सगळ्यांकडून थोडं थोडं घ्यायचं आणि वापराच्या वेळी कोणाकडे मागायचं नाही, हे आपण मान्य केलेलं आहे. संध्याकाळचं तासभर संगीत त्याच यादीत का बसू नये? गवतावर आणखी एक माणूस येऊन बसला म्हणून आधीच्याचं ऐकणं कमी होत नाही, निदान गर्दी फार होईपर्यंत तरी. उलट तिकीट लावायचं ठरवलं तर कुंपण घाला, पत्रे ठोका, दारावर माणसं उभी करा, आणि त्या वेळात बाग इतरांना बंद. जे मोकळं आहे त्याला दार लावण्यासाठीच खर्च करायचा, हे काही पटत नाही.

प्रायोजकांचा मार्ग सोपा दिसतो. एका प्रायोजकाचं नाव कोपऱ्यात छोट्या अक्षरांत असायला माझी हरकत नाही. पण हे तिथे थांबत नाही. आधी व्यासपीठामागचा फलक जातो, मग दोन रचनांच्या मधली पाच मिनिटं जातात, मग पुढच्या चार रांगा निमंत्रितांसाठी जातात, आणि कार्यक्रम कोणता ठेवायचा हेही गर्दीच्या आकड्यावरून ठरायला लागतं. प्रायोजकाला डोकी मोजायची असतात. डोकी वाढवायची तर ओळखीचं, गाजलेलं, टाळ्या घेणारं हवं. मग फुकट असण्याचा जो एकमेव मोठा फायदा, अनोळखी संगीत भीतीशिवाय चाखता येण्याचा, तोच हातचा जातो. जी गाणी रिक्षापासून लिफ्टपर्यंत सगळीकडे वाजतात तीच उद्यानात वाजवायची, तर एवढा खटाटोप कशाला?

गर्दीचा मोह वाईट. १९८६ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या सेंट्रल पार्कमधल्या मोफत मैफलीला सुमारे ८ लाख लोक आले होते असा अंदाज आहे. आकडा डोळे दिपवणारा आहे, आणि एखाद्या शहराने आयुष्यात एकदा असं करायला हरकत नाही. पण तिथे मागच्या माणसाला चेलो दिसत नाही, पोटात थरथरत नाही, आणि त्याला उठून जायचं म्हटलं तरी वाट मिळत नाही. वस्तीजवळच्या बागेत दोनशे-तीनशे लोक, ठरलेल्या आठवड्याला, ठरलेल्या कोपऱ्यात, वर्षभर: मला हे मोठं वाटतं. हिरवळीलाही तेच सोसतं. ओल्या मातीवर हजारो पावलं पडली की माती दबून घट्ट होते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि मैफल संपून महिना झाला तरी गवत डोकं वर काढत नाही. पाऊस पडून गेला असेल तर कार्यक्रम पुढे ढकलायचा, मंच दरवेळी तिथेच ठोकायचा नाही, त्याच्या पायांखाली फळ्या टाकायच्या. माळ्याला आधी विचारलं तर तो हे सगळं सांगतो. त्याला विचारत मात्र नाहीत.

राहिला आवाजाचा प्रश्न, आणि इथे मी विरोधकांच्या बाजूने बराच पुढे जायला तयार आहे. बागेत शांततेसाठी आलेला माणूस आणि बागेला लागून असलेल्या घरात झोपलेलं आजारी माणूस, या दोघांनी मैफल मागितलेली नाही. त्यांना मात्र मधेच उठून जाता येत नाही.

यात बरचसं दुखणं अडाणीपणाचं आहे, आणि ते बरं करता येतं. मोकळ्या हवेत एकाच जागेहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे स्पीकरपासून ४ मीटरवर ८८ डेसिबल असेल तर ६४ मीटरवर ६४. शेवटच्या माणसाला नीट ऐकू जावं म्हणून मंचावरचे दोन मोठे स्पीकर वाढवत नेले की पुढचे लोक कान झाकतात आणि पलीकडच्या इमारतीच्या काचा थरथरतात. शहाणपण याच्या उलट आहे: लहान लहान स्पीकर श्रोत्यांमध्येच पसरून लावायचे आणि प्रत्येकाचा आवाज हळू ठेवायचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर जायला एक दशांश सेकंद लागतो. मागच्या स्पीकरला तेवढा उशीर लावून दिला की दोन आवाज एकमेकांवर आपटत नाहीत. शिकागोत २००४ मध्ये खुल्या झालेल्या प्रित्झकर पॅव्हेलियन या उघड्यावरच्या मैफलींच्या जागेत हिरवळीवर पोलादी नळ्यांची जाळी उभारून तिला स्पीकर टांगले आहेत ते याचसाठी. साध्या बागेला एवढी जाळी नको, चार खांब पुरतात.

आणखी एक गोष्ट फार कमी आयोजकांना ठाऊक असते. सूर्य मावळला की जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, आणि अशा हवेत आवाज वर निसटून न जाता खाली वाकतो, लांब पोचतो. पाच वाजता तपासून ठरवलेला आवाज आठ वाजता, बटणाला हात न लावता, दूरच्या घरांत शिरतो. “आम्ही मोजून ठेवला होता,” असं आयोजक म्हणतात ते खरं असतं, आणि घरातला माणूस चिडतो तेही खरं असतं. शिवाय नेहमीच्या मापनात कानाच्या स्वभावाप्रमाणे खालच्या सुरांना कमी वजन दिलेलं असतं. भिंती भेदून जाते ती नेमकी तीच खालची धडधड. यंत्र म्हणतं नियमात आहे, उशी म्हणते नाही.

अशा तक्रारी आल्या की मैफलच बंद करायची, किंवा ‘अमुक प्रकारचं संगीत नको’ म्हणायचं, हा सोपा मार्ग आहे आणि धोक्याचाही. सेंट्रल पार्कमधल्या एका खुल्या मंचावरून असाच वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जवळच शांततेसाठी राखलेली हिरवळ आणि राहती घरं होती. शहराने नियम केला, की तिथे कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाने शहराचीच ध्वनियंत्रणा आणि शहराचाच तंत्रज्ञ वापरायचा. १९८९ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा नियम उचलून धरला, कारण तो सगळ्यांना सारखाच लागू होता आणि कोणी काय गावं यात त्याला रस नव्हता. निकालातल्या कायद्याच्या बारकाव्यांवर तज्ज्ञ भांडोत. एका लहान बागेला घेण्यासारखं त्यात एवढं आहे: यंत्रणा बागेची असावी, ती चालवणारा पगारी माणूस बागेचा असावा, आणि बटण त्याच्या हातात असावं. मग रॉक असो, भजन असो की चौघांचं तंतुवादन, आवाज एका मापात राहतो आणि कोणाच्या आवडीनिवडीवर निवाडा द्यायची वेळ येत नाही. दरवेळी भाड्याची यंत्रणा आणली की ती भाड्याने देणारा आपल्या स्पीकरची ताकद दाखवल्याशिवाय राहत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

आणि काही संध्याकाळी बाग रिकामीच असावी. आठवड्यातून एकदा, दीड तास, उरलेले दिवस पक्ष्यांचे आणि बाकांवर गप्प बसणाऱ्यांचे. संगीतावर माझं प्रेम आहे म्हणून सगळ्यांच्या कानांवर माझा हक्क होत नाही.

बागेच्या फाटकाशी एक फलक असतो: उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, फुलं तोडू नयेत, कुत्र्यांना आत आणू नये. मैफलीच्या आठवड्यात त्यावर कलाकारांची नावं आणि एखाद्या पाहुण्याचं नाव ठळक लिहिलेलं असतं. मला तिथे आणखी तीन ओळी हव्या आहेत: आवाज किती वाजता थांबेल, तो जास्त वाटला तर कोणाला फोन करायचा, आणि वादकांना किती मानधन दिलं. पहिल्या दोन ओळी लिहायला फारसा विरोध होणार नाही. तिसरी लिहा म्हटलं तर बैठकीत किती वेळ कोणी काही बोलत नाही, ते मला बघायचंय.